पहिल्या पानावरचे शुद्धिपत्र

१९९२ साली कौशल्याक्कांच्या साप्ताहिकाने छापले की मंत्र्यांनी हेब्बाळची अकरा एकर सरकारी जमीन मेहुण्याला दिली. एकर नऊच होते. बेरीज अक्कांची चुकली. एकेकाळी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या अक्कांनी पुढच्याच अंकात पहिल्या पानावर शुद्धिपत्र दिले. “माकडाच्या हाती कोलीत दिलंत, अक्का!” मुद्रक रघुजी कळवळले. मंत्र्यांनी बदनामीचा दावा ठोकला. त्यांच्या वकिलांनी तेच शुद्धिपत्र न्यायालयात फडकवले. हरल्यास छापखान्याला कुलूप लागणार होते. चौथ्या वर्षी न्यायाधीश म्हणाले, “मंत्र्यांच्या कारभारावर लिहिताना झालेली प्रामाणिक चूक बदनामी नव्हे. स्वतःची चूक स्वतःच छापणाऱ्याला सत्याची चाड नाही, असे कसे म्हणावे? दावा फेटाळला.” रघुजींच्या जिवात जीव आला. अक्का मात्र निकालाची प्रत वाचत होत्या. “यात दहा एकर लिहिलंय. दुरुस्तीचा अर्ज करू.” रघुजींनी हात जोडले. “अक्का, जरा दम धरा!”