काटा खाली आला

“तुम्ही दोघं वेगळे होणार आहात का?”

भिंगरीनं मागच्या सीटवरून एका दमात विचारून टाकलं. मैत्रिणींनी पैजच लावली होती. वर्गात बाईंना भंडावून सोडतेस ना, मग घरी हे विचारून दाखव! पालकसभेहून तिघं परत निघाली होती. गाडी चढ चढत होती.

“काहीतरीच काय!” आई म्हणाली. “परीक्षा तोंडावर आलीय, तिचं बघ.”

“गेल्या दोन-तीन महिन्यांत आम्ही एकदा तरी भांडलोय का गं?” बाबांनी आरशातून विचारलं.

खरंच की! पूर्वी यांचा आवाज चढला की शेजारच्या काकू टीव्ही बारीक करून कान द्यायच्या. आता घर कसं शांत. भिंगरीच्या जिवात जीव आला. पैज जिंकली, वर उत्तरही मनासारखं.

तेवढ्यात बाबांनी हीटर पूर्ण सोडला. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं.

“बाबा! भट्टी लावलीत की काय?”

“आजीबाईंना ताप चढलाय.”

आजीबाई म्हणजे गाडी. भिंगरीहून वयानं मोठी. समोरचा तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकत होता. इंजिनाची उष्णता थोडी आत ओढून घ्यायची, म्हणजे इंजिनाला तेवढाच आराम. बाबांची जुनी युक्ती. आईनं नुसती काच खाली केली. तिघंही घामानं निथळत होती.

काटा थबकला. मग भराभर घसरत पार तळाला गेला.

“उतरला बुवा ताप!” बाबा म्हणाले. आई खिडकीबाहेर बघत हसली.

भिंगरीनं पुढे वाकून हीटरच्या जाळीसमोर हात धरला. हवा गार होती. इंजिन एवढं तापलेलं, हीटर पूर्ण सोडलेला, आणि हवा गार?

“बाबा, गाडी थांबवा. आत्ताच्या आत्ता!”

“अगं, काटा खाली आलाय ना.”

“पाणीच संपलंय म्हणून आलाय! तुम्हीच तर शिकवलंत. तो पाण्याचा ताप मोजतो. पाणीच नसेल तर मोजणार काय, कपाळ?”

बाबांनी करकचून ब्रेक दाबला. बॉनेट उघडलं. रेडिएटरचा पाइप उभा फाटला होता. तापलेल्या लोखंडाचा वास येत होता.

“शाब्बास पोरी. अजून थोडं गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं.”

इंजिन निवेपर्यंत थांबणं भाग होतं. आता आई बोलणार, भिंगरीला वाटलं. ‘शंभरदा सांगितलं होतं, पाइप बदलून घ्या!’ मग बाबा उसळणार. ती वाट बघत राहिली.

आई रस्त्याकडेच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली, गाडीकडे पाठ करून. बाबा चाकाजवळ उकिडवे बसले. ना राग, ना टोमणा. पाण्याची बाटली आईच्या हातात होती. बाबांना घाम फुटला होता. तिनं ती पुढे केली नाही, त्यांनीही मागितली नाही.

घरातला काटाही असाच खाली आला होता, भिंगरीला कळलं. तरी ती गेली आणि दोघांच्या मधोमध उभी राहिली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. मी मावशीकडे राहून अभ्यास करीन. माझ्या परीक्षेसाठी तुम्ही एकत्र थांबू नका.”