सुप्रभाने नाव घेतलं

बोलावणं नव्हतं, तरी सुप्रभा आली. ड्युटीवरचा कोट तसाच अंगावर, बोटं गारठलेली, डोकं मात्र सकाळपासून तापलेलं. दारातून परत कसं पाठवायचं, म्हणून सुलक्षणाबाईंनी नाइलाजाने तिला आत घेतलं.

लीड्समधल्या आपल्या बायकांचं हे हळदीकुंकू खास शास्त्रीबुवांच्या बायकोसाठी होतं. शैलावहिनी नुकत्याच पुण्याहून आल्या होत्या. शास्त्रीबुवा म्हणजे शशिधर. आठवडाभर ऑफिसात टाय लावणार आणि रविवारी सोवळं नेसून पूजा सांगणार. गेल्याच रविवारी भर सभेत त्यांनी बजावलं होतं, की एकट्या राहणाऱ्या नर्सेसना घरात घेऊ नका, त्यांना ना घर ना दार, ना लाज. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि याच माणसाने वर्षभरापूर्वी आपल्या खोलीवर, देवाच्या साक्षीने, सुप्रभाच्या गळ्यात काळी पोत बांधली होती. पुण्यात बायको आहे हे कुणाला कळूच दिलं नव्हतं मेल्याने! सुप्रभालाही ते आज सकाळीच कळलं होतं.

मधल्या खोलीत पॅराफिनच्या हीटरभोवती उखाणे सुरू झाले. एकेक जण लाजत-मुरकत नवऱ्याचं नाव घेत होती. वहिनींचं झालं, टाळ्या झाल्या, आणि हळदीकुंकवाचं तबक सुप्रभाला टाळून पुढे सरकलं. तिने ते हाताने अडवलं. मीही घेते, म्हणाली. कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. बिनलग्नाची ही कुणाचं नाव घेणार?

सुप्रभाने कॉलरमधून पोत बाहेर ओढली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"पोथीत सांगतात सीतेचं शील, खोलीला लावतात कडी,
शशिधररावांचं नाव घेते, मोडून त्यांच्या सोवळ्याची घडी."

हसणारीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बोलल्यावर फार बरं वाटेल असं सुप्रभाला वाटलं होतं. वाटलंही, अगदी पोटभर. पण शैलावहिनींचा चेहरा पांढराफटक पडलेला दिसला आणि तिची नजर खाली गेली. या बाईचा काय दोष होता?

वहिनी उठल्या. आता हिच्या झिंज्या उपटणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी जाऊन फ्रंट रूमचं दार सताड उघडलं. आत शास्त्रीबुवा पुरुषमंडळींना वैराग्य समजावून सांगत होते.

"अहो, जरा इकडे या," वहिनी म्हणाल्या. मग सुप्रभाकडे वळून शांतपणे बोलल्या, "पुन्हा घे गं. यांना ऐकू गेलं नसेल."