शाळेतले मामा

नात वही उघडून आजोबांसमोर बसली. घरातल्या निवृत्त माणसाची मुलाखत घ्यायची, दहा प्रश्न विचारायचे आणि शुक्रवारी वर्गात वाचून दाखवायचं, असा बाईंनी सातवीला गृहपाठ दिला होता.

"पहिला प्रश्न. तुम्ही काय काम करायचात?"

"शाळेत शिपाई होतो. चौतीस वर्षं."

"म्हणजे काय काय करायचं असतं?"

आजोबांनी पाय वर घेतले. सकाळी साडेसहाला एकोणीस खोल्यांची कुलपं काढायची. घंटा द्यायची. नोटीस घेऊन वर्गावर्गांतून फिरायचं. सुट्टीत फळ्यांना काळा रंग द्यायचा. पडलेल्या पोरांना उचलायचं, गुडघे धुऊन औषध लावायचं, नाकं गळत असतील तर तीही पुसायची.

"तीन हेडमास्तर पाहिले मी," ते म्हणाले. "चौथे आले ते माझेच विद्यार्थी. म्हणजे मी शिकवलं काही नाही. पण ते वर्गाबाहेर अंगठे धरून उभे असायचे, तेव्हा सोबतीला मीच असायचो."

नातीने तेही लिहून घेतलं. "मुलं तुम्हाला काय म्हणायची?"

"मामा. शाळेत शिपायाला मामाच म्हणतात."

"बाबा पण त्याच शाळेत होते ना? मग तेही मामा म्हणायचे?"

स्वयंपाकघरात तिचे बाबा भांडी घासत होते. नळाचा आवाज थांबला.

"हो तर," आजोबा म्हणाले. "नियमच होता तसा. तू नाही का शाळेत बाबांना सर म्हणत? तसंच."

तिचे बाबा तिच्याच शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे तिला हे लगेच पटलं. 'नियम होता' असं तिने लिहिलं. मग पेन थांबलं.

"पण मागे मी खेळताना पडले, तेव्हा 'बाबा' म्हणूनच ओरडले होते. सगळे हसले मला. लागलं की आपोआपच येतं ना तोंडातून?"

"येतं कधी कधी. चल, पुढचा प्रश्न."

"माझ्या नाही आलं."

बाबा दारात उभे होते. हाताला साबणाचा फेस तसाच होता.

"तू कशाला मध्ये येतोस?" आजोबा म्हणाले. "मुलाखत माझी आहे."

"नियम वगैरे काही नव्हता," बाबा मुलीला म्हणाले. "पाचवीच्या पहिल्या दिवशी शेजारच्या मुलाने विचारलं, तुझे वडील काय करतात? मी म्हटलं, ऑफिसात आहेत. तेवढ्यात अप्पा नोटीस घेऊन वर्गात आले. मी मान खाली घातली ती ते जाईपर्यंत वर केली नाही. घरी ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शाळेत मला ओळख दाखवणं बंद केलं. मग मीही सगळ्यांसारखा मामा म्हणायला लागलो. सहा वर्षं."

"ऑफिसात होतोच की मी," आजोबा म्हणाले. "ऑफिसच्या दाराशीच स्टूल होतं माझं."

कुणी हसलं नाही.

"आठवीत मी कुंपणाच्या भिंतीवरून पडलो. हात मोडला. अप्पांनी मला उचललं आणि पळत दवाखान्यात नेलं. मागून माझे चार मित्र येत होते. मी रस्ताभर रडत होतो. मामा, दुखतंय. मामा, हळू." बाबांनी हात पँटलाच पुसले. "अप्पा नाही आलं तोंडात. मामाच आलं."

"त्यावरूनच तर मला कळलं, डोक्याला मार लागलेला नाही. पोरगा पूर्ण शुद्धीवर आहे. निम्मी काळजी तिथेच मिटली."

"अप्पा, थट्टा नका करू. काय वाटलं होतं तुम्हाला?"

"वाटायला वेळ कुठे होता? तू काय हलका होतास?" आजोबांनी वर घेतलेले पाय खाली सोडले. "डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही मुलाचे कोण? तुझे मित्र दारातच उभे होते. मी म्हटलं, शाळेचा शिपाई. वडिलांना निरोप धाडलाय, येतीलच. मग पोरांना परत शाळेत पिटाळलं आणि कागदावर सही केली."

बाबा खुर्चीवर बसले. हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

नातीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "हे सगळं लिहू?"

"काही नको," आजोबा म्हणाले. "तिथली पोरं याला सर म्हणतात. नियम होता म्हणून लिहिलंयस ना, तेच राहू दे."

"नियम खोड," बाबा म्हणाले. "झालं तसं लिही. शुक्रवारी बाईंना विचारून मी मागच्या बाकावर येऊन बसतो."

शुक्रवारी आजोबांना दुपारची झोप लागली नाही. नात शाळेतून आली तेव्हा ते दारातच उभे होते.

"वाचलंस?"

"सगळं वाचलं. सगळे एकदम गप्प होते. एक मुलगा मात्र नेहमीसारखा डुलक्या काढत होता. शेवटी जागा झाला आणि त्याने बाबांना विचारलं, सर, हे मामा तुमचे सख्खे की चुलत?"

"मग? काय म्हणाला तो?"

"म्हणाले, सख्खे. वडील आहेत माझे."

आजोबांनी तिचं दप्तर काढून घेतलं आणि उगाच या हातातून त्या हातात केलं.

"मोठ्याने म्हणाला?"

"शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या."