स्टीअरिंगचा कोन

रविवारी दुपारी प्रज्ञेशने वारज्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच गाडीला नवा, जलद स्टीअरिंग रॅक बसवला; आता स्टीअरिंग थोडंसं फिरवलं तरी चाकं पुरेशी वळणार होती. तो एकटाच राहायचा. सुट्ट्या अशा गाडीखाली जायच्या. आता स्टीअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरला नव्याने शून्य शिकवायचं राहिलं होतं.

त्याने चाकं सरळ केली, लॅपटॉप जोडला. पडद्यावर शून्य आलं.

मग आकडा डावीकडे सरकला. स्टीअरिंग जागचं हललं नव्हतं.

त्याने मित्राला, ऋषीला फोन लावला.

“बॅटरीची वायर काढून परत लाव,” ऋषी म्हणाला. “आणि कधीतरी माणसांतही जा.”

वायर काढून लावली, तरी आकडा हलतच राहिला. थोडा उजवीकडे, बराच वेळ सरळ, मग एकदम डावीकडे. प्रज्ञेशने ती वळणं ओळखली. हिंजवडीच्या ऑफिसातून घरी यायचा हा त्याचा रोजचा रस्ता होता. आकडे मात्र नव्या रॅकच्या हिशेबाने, नेहमीपेक्षा लहान होते, आणि नव्या रॅकवर गाडी अजून एकदाही चालली नव्हती.

पार्किंगच्या उतारावरचं शेवटचं वळण घेऊन आकडा शून्यावर थांबला.

थोड्या वेळाने वॉचमन संभाजीमामा तिथून जाताना थबकले.

“साहेब, परत खाली कधी आलात? आत्ताच तर म्याडमसंगट वर गेलात की.”

“मामा, माझं लग्न झालेलं नाही.”

मामांनी जिन्याकडे बोट दाखवलं.

प्रज्ञेश जिन्याने वर गेला. त्याच्या बंद दाराआड कुकरची शिट्टी झाली. कुणी बाई हसली, आणि तिला त्याच्याच आवाजात कुणीतरी उत्तर दिलं. प्रज्ञेशच्या हातात किल्ली होती, पण ती लावायचा त्याला धीर होईना.