चेस्टनटच्या गाठी

दुइलिओने नळीचं बूच काढलं आणि ती फांदीजवळ धरली. हिरव्या चकाकीच्या इवल्या माश्या एकेक करून कोवळ्या पानांवर उतरल्या.

"काका, आधी स्वतःच्या बागेत सोडा की," कृषी कार्यालयातली लोरेदाना म्हणाली. "बाकीचे एका नळीसाठी हमरीतुमरीवर येतात, आणि तुमची पहिली नळी दरवर्षी शेजाऱ्याला!"

"सेत्तिमोची झाडं आधी," दुइलिओ एवढंच म्हणाला.

यामागचं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी, बाहेरची कलमं खोऱ्यात आणायला बंदी असताना, डोंगरापलीकडच्या जत्रेतून त्याने चेस्टनटच्या कलमकाड्या लपवून आणल्या होत्या. पुढच्या वसंतात त्याच्या आणि सेत्तिमोच्या झाडांवर गाठी आल्या, मग साऱ्या खोऱ्यात. प्रत्येक गाठीत अळी, फळ धरेनाच.

"वाऱ्याने आली कीड," लोक म्हणाले. दुइलिओने मान डोलावली.

सेत्तिमो काहीच बोलला नाही. चाळीस वर्षं दोघं गुत्त्यात पत्ते खेळत आले होते; त्याने तिकडे फिरकणंच सोडलं. वाटेत दिसला तर खाली बघून निघून जायचा. याला कळलंय, हे दुइलिओने ओळखलं. कबूल करायला म्हणून तो दोनदा त्याच्या पायरीपर्यंत गेला आणि दोनदा परतला. तिसऱ्या हिवाळ्यात सेत्तिमो वारला. शवपेटीला खांदा द्यायचं धाडस दुइलिओला झालं नाही. तो चर्चच्या दाराशीच उभा राहिला.

मग या माश्या आल्या. त्या गाठीत अंडी घालायच्या, त्यांची पिल्लं आतल्या अळीला खायची. काम सावकाशीचं. माश्या सोडायला लागल्यापासून नवव्या वर्षी सेत्तिमोच्या झाडांखाली पुन्हा फळांचा सडा पडला. दुइलिओने टोपली भरली आणि सेत्तिमोच्या बायकोचं, एर्सिलियाचं दार वाजवलं.

"या भावजी! किती वर्षांनी. बसा, भाजते चार." ती फळांना चिरा पाडायला बसली.

"आधी ऐका, वहिनी. कीड मी आणली. जत्रेतल्या काड्यांमधून. सेत्तिमोला ते कळलं होतं, म्हणून त्याने माझं तोंड बघितलं नाही. त्याचं बरोबरच होतं."

एर्सिलियाने सुरी खाली ठेवली.

"त्याच जत्रेतून त्यांनीही आणल्या होत्या काड्या," ती म्हणाली. "कुणाला बोलायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. जाईपर्यंत एकच धोशा... दुइलिओची झाडं मी मारली, आता त्याला कुठल्या तोंडाने भेटू?"