ठणठणीत

डॉक्टरबाईंनी तपासणीची पट्टी दुसऱ्यांदा लघवीच्या बाटलीत बुडवली. रंग पुन्हा तोच आला, गडद हिरवा. त्यांनी समोर उभ्या असलेल्या चिंगीकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पायांवर सूज येते का गं?"

"नाही."

"जेवण जातं? सकाळी मळमळतं? जिना चढताना धाप लागते?"

"नाही, मॅडम."

रक्तदाब घेतला, तर तोही अगदी व्यवस्थित. डॉक्टरबाई चक्रावल्या. "किडनीची चाळण झाल्याशिवाय लघवीत इतकं प्रोटीन उतरत नाही. तू अशी टुणटुणीत उभी कशी, तेच मला कळेना. अशा तब्येतीत नर्सिंगला कसं घेऊ? उद्या सकाळी पुन्हा बाटली आणून दे. आमचीच काही चूक असेल तर सुटशील."

प्रवेश गेला की कर्जही गेलं, कारण बँकेनं ते याच कॉलेजसाठी मंजूर केलं होतं. पण चिंगीला भीती त्याची नव्हती. ती बाटली मुळी तिची नव्हतीच.

झालं होतं असं, की गेले काही दिवस चिंगीला लघवीला जळजळ होत होती. तपासणीत ते निघेल आणि हातातोंडाशी आलेला घास जाईल, या धास्तीनं मायलेकी हवालदिल झाल्या होत्या. शेवटी आईनंच तोड काढली. कपड्यांच्या कारखान्यात वर्षानुवर्षं इस्त्री मारणारी बाई ती. चुरगळलेलं काहीही सरळ करता येतं, असं तिचं ठाम मत होतं. आज सकाळी चिंगीच्या नावाची बाटली घेऊन ती इथल्याच बाथरूममध्ये शिरली आणि बाहेर येऊन म्हणाली, "घे. एकाच रक्तामांसाच्या आपण, कोण ओळखतंय?" दोघी तोंड दाबून हसल्याही होत्या.

कर्जासाठीही आईनं असाच आटापिटा केला होता. खरं तर मामा आपणहून सहकर्जदार म्हणून सही करायला तयार होता. पक्की नोकरी, भरपूर पगार. पण आईनं त्याला उभं केलं नाही. "माझी लेक, माझी सही," म्हणत तिनं सख्ख्या भावाशी अबोला धरला. बाईचा हेका, असं सगळे म्हणाले. चिंगीलाही तसंच वाटलं होतं.

आता डॉक्टरबाईंचा एकेक प्रश्न तिच्या डोक्यात फिरू लागला. अर्धं ताट टाकून उठणारी आई. चपलेचे पट्टे सैल करणारी आई. जिन्याच्या मधल्या वळणावर, हातातली पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेत थांबणारी आई. चिंगीनं हे रोज पाहिलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं. आणि निघाली होती नर्स व्हायला. तिला स्वतःची लाज वाटली.

उद्या स्वतःची बाटली आणून दिली की ती सुटणार होती. लबाडी पचली असती. प्रवेश राहिला असता, कर्ज राहिलं असतं.

"मॅडम, ती बाटली माझ्या आईची आहे."

डॉक्टरबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "का केलंत असं?"

"मला जळजळ होतेय. वाटलं, घेणार नाहीत."

"अगं, तेवढ्यानं कुणाचा प्रवेश जातो का? गोळ्या दिल्या असत्या." त्या उठल्या. "या लबाडीचं काय करायचं ते प्राचार्य ठरवतील. आधी आईला आत आण. आत्ताच्या आत्ता."

आई बाहेर बाकावर बसून वॉचमनशी गप्पा मारत होती. आमची लेक नर्स होणार, आता तुम्हाला सुई फुकट, असं काहीतरी चाललं होतं. वॉचमन हसत फाटकाकडे गेला. चिंगी तिच्यासमोर खाली बसली.

"आई, तुझ्या किडन्या खराब झाल्यात."

आई हादरेल, रडेल, असं तिला वाटलं होतं. आईनं नुसता कपाळावर हात मारला.

"म्हणजे ते लघवीतसुद्धा दिसतं होय? मला तर दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, दोष रक्तात आहे. म्हटलं, बाटलीत काय कळतंय."

"तुला माहीत होतं?"

"कधीचं. रक्त धुवायच्या मशीनवर घ्यायला हवं म्हणाले. मशीनवर पडून राहिले तर कामावर कोण जाणार? आणि पगार नसता तर बँकेनं दारात तरी उभं केलं असतं का?"

"पण मामा देत होता ना सही." चिंगीला रडू फुटलं. रागही आला होता, अनावर. "त्याच्या सहीवर कर्ज मिळालंच असतं. तू औषधपाणी केलं असतंस. कशाला हट्ट केलास?"

आईनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"खुळी आहेस. ज्याची सही, त्याचा विमा. तो माणूस गेला की उरलेलं सगळं कर्ज फिटतं, तुझ्या डोक्यावर एक छदाम राहत नाही. नीट विचारून घेतलंय मी. तब्येत कशी म्हणाले, मी सांगितलं ठणठणीत. त्यांनी कुठं बाटली मागितली?" तिनं तळहातानं लेकीचे डोळे पुसले. "आणि मामाला काय धाड भरलीय? तो चांगला ऐंशी पार करेल."