मेल्यांचं दार

ओरेस्ते बसमधून उतरून गल्लीत शिरला, तेव्हा सेत्तीमिओच्या घराचं मेल्यांचं दार फोडायचं काम चाललं होतं.

हातातली पिशवी त्यानं तिथेच फरशीवर टेकवली. ऑलिव्ह काढायला म्हणून तो खाली सपाटीवर बहिणीकडे गेला होता, तो आत्ता परतत होता. मध्ये काय घडलं ते त्याला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण? त्या घराशी त्याचं कित्येक वर्षांत बोलणं नव्हतं.

इटलीतल्या गुब्बिओ गावातल्या जुन्या दगडी घरांना शेजारी-शेजारी दोन दारं असतात. एक रुंद, रोजच्या वापराचं. दुसरं कमरेएवढ्या उंचीवर, अरुंद, टोकदार कमानीचं, कधीकाळी दगडांनी बुजवलेलं. घरातलं माणूस गेलं की शवपेटी त्या दारानं काढायची आणि मृत्यूला परतीची वाट सापडू नये म्हणून ते लगेच चिणून टाकायचं, असं गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

ओरेस्तेनं तर समोरच्या आपल्या सलूनच्या पायरीवर उभं राहून उभा जन्म पाहुण्यांना हेच सांगितलं. त्यावरूनच बिनसलं होतं. एका शनिवारी अर्धी दाढी झालेली असताना सेत्तीमिओ खुर्चीतून म्हणाला, "अरे, त्या दारामागे माडीवर जायचा साधा जिना आहे. कशाला लोकांना भुताखेताच्या गोष्टी सांगून फसवतोस?"

"तुला त्याच दारातून नेतील ना, तेव्हा कळेल!" ओरेस्ते भडकून बोलून गेला.

सेत्तीमिओ तोंडाला फेस तसाच ठेवून उठला आणि चालता झाला. पुन्हा तो सलूनची पायरी चढला नाही.

ते वाक्य आता ओरेस्तेला आठवलं.

सेत्तीमिओची मुलगी निवेस गवंड्याशेजारी उभी होती. केस धुळीनं पांढरे झालेले, डोळे सुजलेले.

"पोरी, मला काहीच ठाऊक नव्हतं गं."

"अचानकच झालं, काका. बाबा आतल्या गोल जिन्यावरून पडले. तेव्हापासून हॉस्पिटलच चाललं होतं."

"फार हाल झाले का?"

"आधी झाले. आता नाही. सकाळी मी निघाले तेव्हा शांत झोपले होते."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आमच्याकडे करण्यासारखं आता काही उरलं नाही, घरी घेऊन जा, म्हणाले." निवेसनं बाहीनं नाक पुसलं. "गोल जिन्यावरून चौघांनी उचलून नेणं जमायचं नाही. वळणावरच अडकतील. म्हणून हे दार."

ओरेस्तेनं मान हलवली. एक रात्र माडीवर, आपल्या खोलीत. मग याच वाटेनं बाहेर. रीतच होती ती.

त्यानं कोट काढून कठड्यावर टाकला आणि फाउस्तो गवंडी सैल करून देईल तो दगड उचलून बाजूला रचू लागला. पाठ दुखत होती, पण तो थांबला नाही. खालचा थर निघाला आणि आतला अंधार उघडा पडला. उंबऱ्यापासूनच सरळ वर जाणाऱ्या पायऱ्या. अरुंद, दगडी, आणि प्रत्येक पायरी मधोमध झिजून वाटीसारखी खोलगट झालेली.

ओरेस्तेनं त्या खोलगट भागात हात ठेवला. दगड गुळगुळीत लागला. किती पिढ्या इथून चढल्या-उतरल्या असतील. पाण्याचे हंडे घेऊन, लेकरं कडेवर घेऊन. मेलेली माणसं पायऱ्या झिजवत नाहीत.

"हरलात ना ओरेस्तेकाका?" फाउस्तो हसला. "आता पाहुण्यांना काय थापा मारणार?"

आजच्या दिवशी त्याचं हे हसणं ओरेस्तेला खटकलं. तो निवेसकडे वळला.

"निवेस, तुझा बाप खरं सांगत होता. माझंच चुकलं."

"मला काय सांगता? त्यांनाच सांगा की. येतीलच एवढ्यात."

"सांगेन." गेलेल्या माणसाशी बोलायला लाज कसली? "आणि त्याची दाढी मी करणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस."

निवेसनं त्याचा धुळीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "बाबांना फार बरं वाटेल, काका."

ओरेस्ते सलून उघडून आत गेला. वस्तऱ्याला धार लावली, ब्रश काढला, घडीचा पांढरा टॉवेल खांद्यावर टाकला. सवयीनं पाणीही तापत ठेवलं. भांड्यासमोर उभं राहून तो ते शब्द मनातल्या मनात घोळवत राहिला. डोळे भरून आले, ते त्यानं वाहू दिले. उशीर झाला होता खरा, पण आज बोलायचं ठरलं होतं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला हलकं वाटलं.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. वाटी आणि वस्तरा घेऊन तो धावतच गल्लीत आला. फाउस्तोनं उंबऱ्याला फळ्यांचा उतार लावला होता. चार माणसं पुढे झाली. ओरेस्तेनं टोपी काढली आणि मान खाली घातली. गाडीचं मागचं दार उघडलं.

"वाटी आणलीस ते ठीक आहे, पण पाणी गरम आहे का?" आतून खणखणीत आवाज आला. "गार पाण्यानं गाल सोलणार असशील, तर मी आपला परत हॉस्पिटलात जातो!"